मधमाशीची स्मरणशक्ती

मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात 'अध्ययन' हे प्रकरण उघडले की आरंभीच एक कुत्रा भेटतो. रशियन शास्त्रज्ञ पॅव्हलॉव्ह यांचा तो कुत्रा. घंटा वाजली आणि अन्न आले, पुन्हा घंटा वाजली आणि पुन्हा अन्न आले. अखेर नुसती घंटा ऐकूनच त्याच्या तोंडाला पाणी सुटू लागले. परीक्षेत हमखास येणारा हा प्रश्न आम्ही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तोंडपाठ केलेला असतो. परंतु त्या कुत्र्याच्या डोक्यात घंटा आणि अन्न यांची गाठ नेमकी कोठे पडली, कशाने पडली आणि ती टिकली कशी, हे मात्र त्या प्रकरणात सापडत नाही. कुत्र्याच्या मेंदूचा पसाराच एवढा मोठा की त्यात अशी एक गाठ शोधणे म्हणजे दंडकारण्यात हरवलेली सुई शोधणे होय. या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळाले ते अगदीच सामान्य समजल्या जाणाऱ्या दोन जीवांकडून. एक मधमाशी, आणि दुसरे पिकल्या केळ्यांभोवती घोंघावणारे चिलट.

आपण चंद्रपूर-गडचिरोलीची मंडळी. मोहोळ म्हणजे काय हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. उंच झाडाच्या आडव्या फांदीला सुपाएवढे लटकलेले आग्या मोहोळ, झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या पोकळीत नांदणारी सातेरी, आणि झुडपाच्या काटकीला तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी, या तिन्ही मधमाश्या आपल्या भागात आहेत. आग्याचा डंख किती जहरी असतो हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. तथापि या माशीला स्मरणशक्ती असते, आणि ती शाळेतल्या मुलासारखी शिकते, असे सांगितले तर मात्र आपल्याला नवल वाटते. मलाही वाटले होते. म्हणूनच हा विषय मी निवडला.

एका फेरीत एकच फूल

मधमाशी एका फेरीत सहसा एकाच जातीच्या फुलांवर जाते. करंजावर गेली तर करंज, जांभळीवर गेली तर जांभूळ. ही गोष्ट ॲरिस्टॉटलनेही नोंदवून ठेवली आहे. झाडाच्या दृष्टीने हे फार सोयीचे असते. एका करंजाचे पराग दुसऱ्या करंजालाच पोहोचतात, वाटेत जांभळीवर सांडून वाया जात नाहीत.

पण यासाठी माशीला काहीतरी लक्षात ठेवावे लागते. जंगलात फुलांचा हंगाम आठवड्या-आठवड्याला बदलतो. आज ज्या वासाच्या फुलात मध आहे, त्यात पंधरा दिवसांनी काहीच नसेल. तेव्हा अमुक वास म्हणजे मध, हे ज्ञान जन्माबरोबर घेऊन येणे तिला परवडणारे नाही. प्रत्येक माशीला ते आपल्या अल्प आयुष्यात नव्याने शिकावे लागते आणि हंगाम पालटला की बदलावेही लागते. काही वास मात्र ती जन्मतःच जाणते. उदाहरणार्थ, डंख मारताना माशीच्या अंगातून धोक्याचा इशारा देणारे एक रसायन बाहेर पडते. त्याचा वास येताच बाकीच्या माश्या खवळून उठतात. ते त्यांना कोणी शिकवत नाही. फुलाचा वास मात्र शिकावा लागतो.

ऑस्ट्रियाचे कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांना विशिष्ट वासाच्या पेटीतच साखरपाणी ठेवून हे शिक्षण प्रयोगाने दाखवून दिले. पोळ्यावर परतलेली माशी नाच करून अन्नाची दिशा व अंतर सांगते, आणि तिच्या अंगाला चिकटलेला फुलाचा वास बाकीच्या माश्या तेथेच हुंगून घेतात, हेही त्यांनी उलगडले. १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपली आग्या माशी हा नाच उघड्या पोळ्याच्या पृष्ठभागावर करते.

सोंडेची साक्ष

उडत्या माशीच्या डोक्यात काय चालले आहे ते पाहता येत नाही. त्यासाठी तिला स्थिर करावे लागते. जपानमधील ताकेदा यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेली पद्धत आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. माशीला थंडाव्याने थोडी सुस्त करून एका लहानशा नळीत अशी बसवतात की फक्त डोके बाहेर राहावे. तिच्या मिशांना, म्हणजे स्पर्शिकांना, साखरपाण्याचा थेंब लावला की ती चटकन सोंड बाहेर काढते. हे झाले कुत्र्याच्या तोंडाला सुटलेले पाणी. आता आधी काही सेकंद एखादा वास सोडायचा आणि लगेच साखरपाणी द्यायचे. असे दोन-तीन वेळा केले, आणि कित्येक माश्यांच्या बाबतीत एकदाच केले, तरी पुढच्या वेळी नुसता वास येताच सोंड बाहेर येते. पॅव्हलॉव्हची घंटा येथे वासाच्या रूपाने वाजते, एवढाच काय तो फरक.

एक अट मात्र आहे. वास आधी आणि साखर नंतर, असाच क्रम हवा. साखर आधी देऊन वास मागून सोडला तर माशी शिकत नाही. म्हणजे तिचा मेंदू दोन गोष्टी नुसत्या एकत्र ठेवत नाही. 'याच्यामागून ते येते' असा संबंध तो जोडतो. कार्यकारणभावाचे बीज म्हणावे ते हेच.

वासाचा प्रवास

मधमाशीचा मेंदू जेमतेम एक घन मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याशी तुलना करावी एवढा. त्यात सुमारे १० लाख चेतापेशी असतात. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी आहेत. एवढ्याशा जागेत वासाचे कारखाने कसे मांडले आहेत ते पाहू. पुढील आकडे युरोपीय पाळीव मधमाशीचे आहेत, कारण अभ्यास मुख्यतः तिचाच झाला. आपली सातेरी तिची जवळची बहीण असून तिच्या मेंदूची घडणही तशीच आहे.

माशीचे नाक म्हणजे तिच्या दोन स्पर्शिका. प्रत्येक स्पर्शिकेत वास ओळखणाऱ्या सुमारे ६० हजार पेशी असतात. वासाचे कण त्यांच्यावरच्या ग्राहकांत, कुलपात किल्ली बसावी तसे, बसतात आणि पेशी चेतवली जाते. या पेशींचे तंतू मेंदूच्या पुढच्या भागात सुमारे १६० बारीक गोलकांत जाऊन मिळतात. प्रत्येक वासाने यांतले ठराविक गोलक जागे होतात. हार्मोनियमच्या काही पट्ट्या एकदम दाबल्या म्हणजे एक स्वरमेळ उमटतो, तसा काही गोलकांचा मिळून एक वास. करंजाच्या पट्ट्या वेगळ्या, जांभळीच्या वेगळ्या.

तेथून निरोप जातो तो मेंदूतील दोन विशेष अवयवांकडे. फ्रेंच शास्त्रज्ञ द्युजार्दँ यांनी १८५० साली प्रथम त्यांचे वर्णन केले. त्यांचा आकार पावसाळ्यात आपल्या रानात निघणाऱ्या सात्यांसारखा, वर टोपी आणि खाली दांडा. म्हणून आपण त्यांना छत्रपिंड म्हणू. माशीच्या दोन्ही छत्रपिंडांत मिळून सुमारे ३ लाख ४० हजार पेशी, म्हणजे मेंदूच्या एकूण पेशींपैकी तिसरा हिस्सा असतो. वासाची आठवण मुख्यतः येथे घडते.

एका चेतापेशीचा निरोप दुसरीकडे जातो कसा? दोघींचे तंतू एकमेकांना चिकटलेले नसतात. त्यांच्यामध्ये अतिशय सूक्ष्म फट असते. तिला चेतासंधी म्हणतात. पहिली पेशी या फटीत एक रसायन सोडते आणि दुसरीच्या ग्राहकांवर ते जाऊन बसते. हे रसायन म्हणजे निरोप्या. वासाच्या या साऱ्या वाटेवरचा मुख्य निरोप्या ॲसिटिलकोलिन नावाचा आहे. निरोप पोहोचताच एक विकर त्याचे क्षणार्धात तुकडे करते आणि फट पुढच्या निरोपासाठी मोकळी होते. हेच ॲसिटिलकोलिन आपल्या शरीरातही आहे. आपल्या हातापायांच्या स्नायूंना मज्जातंतूंकडून हुकूम मिळतो तो याच्यामार्फत, आणि आपल्या मेंदूत लक्ष व स्मरण यांच्या कामातही त्याचा वाटा आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचेच काम पडणार आहे.

गाठ पडते ती अशी

वासाची वार्ता छत्रपिंडात आली. साखरेची वार्ता कोण आणतो? त्याचे उत्तर बर्लिनमध्ये मिळाले. मार्टिन हॅमर यांनी १९९३ साली मधमाशीच्या मेंदूतील एक अशी चेतापेशी दाखवून दिली की जिचे तंतू वासाच्या गोलकांत आणि छत्रपिंडांत सर्वत्र पसरलेले आहेत. सोंडेला साखर लागली की ती पेशी चेतवते. हॅमर यांनी माशीला वास दिला, पण साखर दिलीच नाही. साखरेच्या जागी ही एकच पेशी विजेने चेतवली. नंतर माशी त्या वासाला सोंड काढू लागली! साखरेचा कणही न चाखता ती शिकली होती. ही पेशी ज्या रसायनाने निरोप देते त्याचे नाव ऑक्टोपामिन. ऑक्टोपस या सागरी प्राण्याच्या लाळग्रंथीत ते प्रथम सापडले, म्हणून हे नाव. हॅमर आणि मेंझेल यांनी १९९८ साली आणखी पुढचे पाऊल टाकले. वास दिल्यावर त्यांनी छत्रपिंडात ऑक्टोपामिनचा सूक्ष्म थेंब सोडला, आणि तेवढ्यानेही माशी शिकली. शिक्षेची वार्ता मात्र डोपामिन हे दुसरे रसायन आणते. चिलटांत तर बक्षिसाची वार्ताही शेवटी डोपामिनच्याच काही निराळ्या पेशींमार्फत पोहोचते, असे २०१२ साली दिसून आले.

आता मुख्य गोष्ट. छत्रपिंडातील एका पेशीकडे दोन निरोपे येतात. ॲसिटिलकोलिन म्हणते, "करंजाचा वास आला." ऑक्टोपामिन किंवा डोपामिन म्हणते, "काहीतरी महत्त्वाचे घडले." पेशीच्या आत एक विकर आहे. यांपैकी एकच निरोप आला तर ते मंदपणे चालते. दोन्ही लागोपाठ आले तर मात्र ते जोराने कामाला लागते आणि सायक्लिक ए.एम.पी. हा पदार्थ भराभर तयार करते. हा पदार्थ पुढे इतर विकरांना जागे करतो, आणि त्यांच्या कामामुळे त्या वासाच्या चेतासंधींची ताकद बदलते. पुढच्या वेळी तोच वास आला म्हणजे निरोप निराळ्या जोराने पुढे जातो आणि सोंड बाहेर पडते. आठवण म्हणतात ती ही. कोठे लिहिलेले अक्षर नाही, की साठवलेले चित्र नाही. संधींच्या ताकदीत पडलेला फरक, एवढेच तिचे स्वरूप.

हे विकर हाती लागले ते चिलटांच्या 'ढ' जातींमुळे. अमेरिकेत सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत १९७४ साली चिलटांना विशिष्ट वासाबरोबर विजेचा सौम्य धक्का देऊन तो वास टाळायला शिकवण्यात आले. जनुकांत बिघाड झालेल्या काही चिलटांना वास येई, धक्काही कळे, पण धडा काही केल्या कळेना. १९७६ साली जाहीर झालेल्या अशा पहिल्या जातीचे नाव 'डन्स' ठेवले गेले. डन्स म्हणजे वर्गातला ढ मुलगा! तिच्यात सायक्लिक ए.एम.पी. मोडणारे विकर बिघडलेले होते. 'रुटाबागा' नावाच्या दुसऱ्या जातीत ते तयार करणारे विकर नादुरुस्त निघाले. एकीत तो पदार्थ फार साठतो, दुसरीत पुरेसा होत नाही, आणि शिकणे दोघींनाही जमत नाही. पुढे एरिक कँडेल यांना समुद्री गोगलगायीच्या स्मृतीतही हीच साखळी सापडली. त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. गोगलगाय, चिलट, मधमाशी आणि माणूस यांच्या स्मृतीची घडण अशी एका कुळातली आहे.

मुंबईतील चिलटे

या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचेही एक पान आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी यांनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. बेंझर यांच्यासमवेत त्यांनी १९७६ साली एका विलक्षण प्रकारच्या चिलटांवरील संशोधन प्रसिद्ध केले. ही चिलटे एरवी ठणठणीत असत, पण तापमान थोडे वाढवले की लुळी पडत, आणि थंडावा मिळताच पुन्हा उडू लागत. पुढे केनियात वाढलेल्या, गोव्याच्या कुटुंबातील व्हेरोनिका रॉड्रिग्ज या संशोधिका सिद्दीकींकडे आल्या. दोघांनी १९७८ साली वास न ओळखणाऱ्या चिलटांच्या जाती वेगळ्या करून, घ्राणेंद्रियाचा अभ्यास जनुकांच्या वाटेने करता येतो हे दाखवले. पुढे १९८८ साली रॉड्रिग्जबाईंनी निरनिराळ्या वासांनी निरनिराळे गोलक जागे होतात, हे चिलटाच्या मेंदूत दाखवून दिले. हार्मोनियमच्या पट्ट्यांची जी उपमा मी वर दिली, तिच्यामागे असे संशोधन आहे.

लुळ्या पडणाऱ्या चिलटांपैकी 'शिबिरे' नावाच्या एका जातीचा २००१ साली फार चतुराईने उपयोग झाला. या जातीचे जनुक फक्त छत्रपिंडात घालून, तापमान वाढवून, तेथील निरोप हवे तेव्हा थांबवता येतात. शिकताना निरोप थांबवले, तरी चिलटे शिकली. आठवायच्या वेळी थांबवले, तेव्हा मात्र त्यांना काही आठवेना. आणि थांबवणे बंद होताच आठवण जागच्या जागी हजर! शिकणे आणि आठवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे याहून स्पष्ट कसे व्हावे? परीक्षेच्या दालनात बसलेल्या प्रत्येकाला याचा अनुभव आहेच.

पाठांतर, चहा आणि राणीचा दरबार

परीक्षेचा विषय निघालाच आहे, तर विद्यार्थीमित्रांच्या उपयोगाचे थोडे सांगते. १९९४ साली टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिलटांच्या दोन गटांना तोच धडा दहा वेळा दिला. एका गटाला लागोपाठ, दुसऱ्याला मध्ये पंधरा-पंधरा मिनिटांची विश्रांती देऊन. लागोपाठ शिकलेल्यांची आठवण काही दिवसांत विरली. विश्रांती घेत शिकलेल्यांची आठवडाभर टिकली. टिकाऊ आठवणीसाठी पेशीला नवी प्रथिने बनवावी लागतात, आणि त्याला वेळ लागतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणाऱ्यांनी यातून काय तो बोध घ्यावा.

चहाबद्दलही एक गंमत आहे. चहा-कॉफीतले कॅफीन कॉफीच्या आणि लिंबूवर्गीय झाडांच्या फुलांच्या मधातही अल्प प्रमाणात असते. आपली नागपुरी संत्री याच वर्गातली. तेवढे कॅफीन मिसळलेले साखरपाणी दिल्यास, चोवीस तासांनंतर त्या वासाची आठवण असणाऱ्या माश्यांची संख्या तिप्पट भरते, असे २०१३ साली आढळले. झाड जणू आपल्या गिऱ्हाईकाला चहा पाजून दुकानाचा पत्ता पक्का करून देते.

आणि हा तिसरा प्रकार राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी. राणीमाशीच्या अंगच्या गंधात डोपामिनसारखा एक पदार्थ असतो. या गंधात वावरणाऱ्या तरुण कामकरी माश्या वास आणि शिक्षा यांची सांगड घालायला शिकतच नाहीत, असे न्यूझीलंडमधील संशोधकांना २००७ साली दिसले. बक्षिसाचा धडा त्या शिकतात, शिक्षेचा नाही. राणीच्या सेवेत राहणाऱ्यांना कटू अनुभवाची आठवणच राहू नये, अशी ही व्यवस्था! यावर अधिक भाष्य करण्याची गरज नसावी.

विष आणि विस्मरण

येथवर सारे कौतुकाचे झाले. पण हा विषय आपल्या जिल्ह्यांच्या अंगणात येतो तो दुसऱ्याच वाटेने.

वरोरा-राजुऱ्याकडची पऱ्हाटी असो की वैनगंगेच्या काठचे धान, फवारणी आता सगळीकडे पोहोचली आहे. इमिडाक्लोप्रिड आणि त्याच्या भाऊबंदांचा एक मोठा गट आहे. तंबाखूतील निकोटीनच्या धर्तीवर हा गट घडवलेला आहे. हे विष ॲसिटिलकोलिनच्या ग्राहकांत जाऊन बसते. खऱ्या ॲसिटिलकोलिनचे तुकडे करणारे विकर याला मोडू शकत नाही. त्यामुळे दार उघडे ते उघडेच राहते. मोठ्या मात्रेने कीटक मरतो. परंतु फुलाच्या मधातून आणि परागांतून पोटात गेलेल्या अल्प मात्रेने माशी मरत नाही, विसरते. या विषाने छत्रपिंडातील पेशी काम करीनाशा होतात, असे २०१३ साली दिसून आले. सातेरीवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. अळी असताना किंवा मोठेपणी हे विष मिळालेल्या सातेरी माश्यांचे वास शिकणे बिघडते, असे त्यात आढळले. वास विसरलेली माशी शेताच्या बांधावर मरून पडलेली दिसत नाही. ती फक्त फुलापर्यंत पोहोचत नाही. तीळ, मोहरी, दोडका, कारली यांना कमी फळ धरते, आणि आपण पावसाला दोष देतो. युरोपीय संघाने २०१८ साली या गटातील तीन औषधांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली.

दुसरा गट ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांचा. तो ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या विकरालाच निकामी करतो. वर मी म्हटले होते की हे रसायन आपल्या शरीरातही तेच काम करते. ते विकरही आपल्यात आहे. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात पडले. फवारलेल्या विषांत या गटातील औषधेही होती. आपल्या गावांत फवाऱ्याच्या विषाला 'औषध' म्हणतात. कीटकाच्या मेंदूचे रसायनशास्त्र थोडे ठाऊक असले, तर तो शब्द उच्चारताना जीभ अडखळेल. माशीसाठी केलेली किल्ली आपल्याही कुलपाला लागते.

जंगलात पोळ्यांवर निराळे संकट आहे. आग्या मोहोळाचा मध काढण्यासाठी अंधाऱ्या रात्री गवताची पेटती चूड पोळ्याला लावतात. रात्री सगळ्या माश्या पोळ्यावर परतलेल्या असतात. रानातून मध गोळा करणाऱ्या माश्या या पोळ्यातल्या वयाने मोठ्या आणि शिकलेल्या. कोणत्या वासात आज मध आहे, हे त्यांच्याच डोक्यात असते. पोळे जळते तेव्हा मेण, पिल्ले आणि माश्या यांच्याबरोबर त्या हंगामाचे हे सगळे शिक्षणही जळून जाते.

यावर उपायही आपल्याच जिल्ह्यात काढला गेला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे गोंडांचे गाव २००९ साली मिळालेल्या सामूहिक वनहक्कामुळे देशभर माहीत झाले. त्याच्या किती तरी आधीपासून तेथे निरनिराळ्या विषयांचे अभ्यासगट चालत आले आहेत. मध आणि मधमाशी हा त्यांतला एक विषय. त्या अभ्यासातून गावाने पोळे न जाळता मध काढण्याची रीत स्वीकारली आणि तिला 'अहिंसक' असे नाव दिले. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या, फांदीलगतच्या भागात असतो आणि पिल्ले खालच्या भागात. अंगभर संरक्षक पोशाख घालून मधाचा तेवढा भाग कापून घेतला की पोळे जिवंत राहते, माश्याही राहतात. गावकऱ्यांनी हे केले ते पोळ्याचे निरीक्षण करून, एकत्र बसून, चर्चा करून. आपल्या महाविद्यालयातील भित्तिपत्रकांना आणि वक्तृत्व मंडळांना त्या अभ्यासगटाकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

मेंढ्याच्या रीतीने मध काढला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोळ्यावरून शिकलेल्या माश्या उडतात, आणि काल ज्या वासाच्या फुलात मध होता तेच फूल आजही शोधतात. रानातल्या करंजाला आणि बांधावरच्या तिळाला एवढीच आठवण हवी असते.